आठ दिवस आधी

डोळ्यांच्या दवाखान्यात नवऱ्याच्या डोळ्यांत दुसऱ्यांदा थेंब घालून झाले, तेव्हा तिच्या हातात महिनाभर जुनी रविवार पुरवणी होती आणि ती वाचत नव्हती, नुसती पानं उलटत होती. थेंब घालणारी नर्स म्हणाली, "काका, आता डोळे मिटून बसा. अजून तासभर तरी. मध्येच उघडून बघायचं नाही." तो शहाण्यासारखा डोळे मिटून, डोकं भिंतीला टेकवून बसला. खोलीत आणखी सात-आठ माणसं तशीच भिंतीला डोकी टेकवून बसली होती, आणि प्रत्येकाच्या शेजारी उघड्या डोळ्यांचं एकेक माणूस कंटाळून बसलं होतं. शेवटून दुसऱ्या पानावर मास्तरांचा फोटो होता. तिनं पान उलटलंसुद्धा, आणि मग हात आपोआप मागे आला. मास्तर बरेच थकले होते, पण हनुवटी वर करून समोरच्याकडे बघायची सवय तीच होती. सदराचं नाव होतं 'मिटलेली दारं'. बंद पडलेल्या उद्योगांची माणसं त्यात बोलायची म्हणे. मथळ्याखाली लिहिलं होतं, की एके काळी थोरल्या कंपनीला घाम फोडणाऱ्या 'टिटवी' या संगणक प्रणालीचे जनक सांगताहेत, काय चुकलं. तिला जरा हसूच आलं. काय चुकलं ते तिला एकोणीस वर्षं पाठ होतं. ती चुकली होती.

तिसऱ्या रकान्यात मास्तर सांगत होते, "खरं म्हणाल तर आमचं काहीच चुकलं नाही. पेटीवाल्यांचं, म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांचं, नकाराचं पत्र सादरीकरणाच्या आठ दिवस आधीच आलं होतं. थोरल्या कंपनीनं त्यांना दम भरला होता, की आमच्याखेरीज दुसऱ्या कुणाची प्रणाली पेटीत घातलीत, तर आमची विसरा. ते पत्र दोघांनीच वाचलं. मी आणि आमच्याकडे करारमदार बघायचे ते. पण पोरांनी इतकी तयारी केलेली, त्यांचा हिरमोड कशाला, म्हणून मी कार्यक्रम रद्द केला नाही. पेटीवालेही भिडेखातर आले आणि चहा पिऊन गेले." तिनं ते वाचलं, पुढचं वाचायला गेली, आणि पुन्हा वर येऊन तेच वाचलं. आठ दिवस आधी. करारमदार बघायचे ते तिच्या शेजारी भिंतीला डोकं टेकवून बसले होते. सकाळी घाईघाईत त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तिनंच लावून दिलं होतं. त्यांचं पोट श्वासाबरोबर संथपणे वरखाली होत होतं, आणि मिटल्या पापणीतून थेंबांचं पिवळसर पाणी गालावर ओघळलं होतं. ते पुसायला तिच्या पर्समध्ये रुमाल होता. तो तिनं काढला नाही.

मास्तरांना मास्तर म्हणायचे ते आधी कॉलेजात शिकवत होते म्हणून. प्लायवूडच्या गोदामावरच्या मजल्यावर त्यांनी अठरा जण जमवले आणि सांगितलं, की कॉम्प्युटर सुरू केल्यावर सगळ्यांच्या आधी जी जागी होते आणि मग बाकीच्यांना उठवते, ती प्रणाली आपण पहिल्यापासून लिहायची. तशी एक थोरल्या कंपनीची होती, जगभर तीच होती, सुरू व्हायला दोन मिनिटं घ्यायची आणि दिवसातून एकदा तरी मान टाकायची. लोकांना वाटायचं कॉम्प्युटर म्हटल्यावर असंच असणार. टिटवी अकरा सेकंदांत उठून उभी राहायची. एकाच वेळी चार चित्रपट लावा, त्यात छपाई सुरू करा, वर पत्ते खेळा, ती दमायची नाही. कामाची रीतसुद्धा मास्तरांनीच घातलेली. आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून जे लिहिलं, ते रोज सकाळी प्रत्येकानं आपापल्या यंत्रावर चढवायचं आणि त्याच्यावरच दिवस काढायचा. आपलं लिखाण कच्चं असलं, तर सगळ्यात आधी आपल्या शेजाऱ्याचं काम अडतं आणि तो आपल्या नावानं ओरडतो. ज्याच्यामुळे अडलं, त्याच्या टेबलावर एक पिवळं हेल्मेट यायचं. बांधकामावर घालतात तसलं. पुढच्या माणसाची चूक होईपर्यंत ते तिथेच. गवंडी म्हणून एकजण होता, फायली कुठे आणि कशा रचून ठेवायच्या ते काम त्याच्याकडे, त्याच्या टेबलावर ते हेल्मेट सलग तेवीस दिवस होतं आणि त्यानं त्यात पेन्सिली ठेवायला सुरुवात केली होती. मासिकांच्या मुखपृष्ठावर टिटवी आली. कुठल्या कुठल्या गावांतून पत्रं यायची, की आमच्या वर्गात आम्ही अकरा जणांनी ती घातली आहे. ती पत्रं भिंतीला चिकटवताना तिला पोटात खरोखर गुदगुल्या व्हायच्या. तिचं नुकतंच लग्न झालं होतं, त्याच मजल्यावरच्या करार बघणाऱ्याशी, आणि तिला वाटायचं आपलं सगळं एकदम जुळून आलं आहे.

तिच्याकडे होती पट्टी. फाईल एकीकडून दुसरीकडे नेताना, काही चढवताना, माणसाला ताटकळत बसावं लागतं, तेव्हा पडद्यावर डावीकडून उजवीकडे भरत जाते ती. थोरल्या कंपनीची पट्टी खोटारडी होती. भराभर नव्व्याण्णव टक्क्यांवर पोचायची आणि तिथे पंधरा मिनिटं ठाण मांडून बसायची. माणूस बिचारा बघत राहायचा, की आता एक टक्काच उरला. तिनं ठरवलं, आपली पट्टी थापा मारणार नाही. खरोखर ठाऊक असेल तर दाखवेल, नसेल तर साध्या भाषेत सांगेल. महिनाभर घासून तिनं ती ओळ लिहिली होती: 'किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. काम चालू आहे.' मास्तर ती ओळ वाचून हनुवटी वर करून म्हणाले होते, "हे बरोबर आहे. आपण लोकांना लहान मुलं समजत नाही." ती त्या दिवशी घरी तरंगतच आली. नवऱ्याला तेच तेच चारदा सांगितलं. तो भाजी चिरत होता, म्हणाला, "हो, ऐकलं ग."

"काय वाचतेयस?" डोळे न उघडता नवरा म्हणाला. "काही नाही." "मोठ्यानं वाच की. नुसतं बसून कंटाळा आला." तिनं पान उलटलं. दुसऱ्या बाजूला घरातल्या कुंड्यांवर लेख होता, तो ती वाचू लागली. पानं पिवळी पडली की लोकांना वाटतं पाणी कमी पडतंय, पण बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा लागला याचं तिलाच नवल वाटलं. आतून कानशिलं तापली होती. "बघ," नवरा म्हणाला, "मी तेच म्हणत होतो. तू फार पाणी घालतेस. आठवड्यातून दोनदाच घालायचं आता." ती "बरं" म्हणाली. "बरं" तोंडातून निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण हे किती सहज म्हणतो. गेल्या एकोणीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल. ती पुढे वाचत राहिली, मुळं कुजणे, निचरा, कुंडीच्या तळाला भोक, आणि डोक्यात ते आठ दिवस एकेक करून उजेडात येऊ लागले.

त्या आठ दिवसांतला पहिला. त्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं होतं, की पेटीवाल्यांसमोर फक्त एक दिवसापुरती हलती पट्टी ठेवायची का. बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कॉम्प्युटरमध्ये टिटवी जाणार की नाही, ते या पेटीवाल्यांवर होतं. ते पेट्या बनवायचे, म्हणून पेटीवाले. ती उभी राहून म्हणाली होती, "आज खोटं दाखवलं तर उद्या तेच विकावं लागेल." मास्तरांनी हात वर करायला सांगितले. अठराच्या अठरा हात वर गेले. दारात फाईल घेऊन नवरा उभा होता, त्यानंही मोकळा हात वर केला आणि तिच्याकडे बघून हसला. म्हणजे त्या फाईलमध्येच ते पत्र असणार. नसलं तर टेबलाच्या खणात असेल. पण वाचून झालेलं होतं. मास्तरांनीही ते वाचून मग मतं मोजली होती. कशाची मतं मोजली? आणि दुसरा दिवस, तिसरा, चौथा. ती रोज जेवणाच्या टेबलावर तालीम करायची. नवरा पेटीवाला व्हायचा. मुद्दाम आवाज घोगरा काढून, खुर्चीत मागे रेलून विचारायचा, "पण बाई, आमच्या गिऱ्हाइकाला हे समजेल का?" आणि ती उत्तर द्यायची. तो हातातल्या घड्याळात वेळ लावायचा. "आज साडेचौदा मिनिटं. अजून दोन मिनिटं कमी कर." ती दोन मिनिटं कमी करायची. सहाव्या दिवशी तिचा घसा बसला, तर त्यानं तिला गरम पाणी करून दिलं. गरम पाण्याचा तो पेला तिला आत्ता हातात धरल्यासारखा आठवला. माणूस हे कसं करू शकतो. घड्याळ कसं लावू शकतो.

सादरीकरणाला पाचजण आले होते. सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांच्यातल्या एका टक्कल पडलेल्यानं खिशातून त्यांच्याच कारखान्यातली नवी डिस्क काढली आणि म्हणाला, हिच्यावरनं चढवून दाखवा. ती डिस्क बाजारात यायची होती, तिचा वेग कुणालाच माहीत नव्हता. टिटवीलाही नव्हता. पडद्यावर ओळ आली: 'किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. काम चालू आहे.' नऊ मिनिटं ती ओळ तशीच राहिली. नऊ मिनिटं खोलीतली सगळी माणसं एका ओळीकडे बघत बसली होती. टक्कलवाला म्हणाला, "तुमच्या यंत्रालाच माहीत नाही, तर आम्हाला कुठून माहीत असणार?" आणि ते पाचही जण हसले. तिला ते हसणं कितीदा झोपेतून जागं करून गेलं होतं. आता कळत होतं, की ते निवांतपणे हसले होते. काही ठरवायचं नसलेली माणसं हसतात तशी. त्यांच्या लेखी ती नऊ मिनिटं चहाबरोबरची करमणूक होती, आणि ती मात्र त्या वेळात घामानं भिजलेल्या ब्लाऊजची पाठ कुणाला दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून उभी होती.

दहा दिवसांनी मास्तरांनी सांगितलं, "सादरीकरणात आपण कमी पडलो." पट्टी म्हणाले नाहीत, तिचं नावही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तर टेबलावर पिवळं हेल्मेट होतं. कुणी ठेवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि गंमत अशी, की त्यानंतर ते तिच्या टेबलावरून हललंच नाही. पुढच्या सात महिन्यांत लोकांनी काय कमी चुका केल्या होत्या? पण ज्यानं त्यानं आपली चूक गुपचूप निस्तरली आणि हेल्मेट न्यायला कुणी आलं नाही. अठरा हात वर गेले होते, हे सगळे विसरले. मग एकेक जण गेला. गवंड्याच्या बायकोला सातवा महिना होता, त्यानं विम्याच्या कचेरीत नोकरी धरली. शेवटच्या दिवशी आपल्या पेन्सिली रबर लावून बांधताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "एक पट्टी हलती ठेवली असतीस, तर तुझं काय गेलं असतं ग?" टिटवीचे हक्क कुणीतरी घेतले आणि कपाटात ठेवून दिले. वर्षभरात भिंतीवरच्या पत्रांतल्या गावांनीही थोरल्या कंपनीची प्रणाली घातली.

तिनं नंतर दुसरीकडे काम धरलं. तिथे तिला पहिल्याच आठवड्यात पट्टी करायला सांगितली, आणि तिनं विचारलंसुद्धा नाही, की खरी हवी का. केली. कशाशीच न जोडलेली, उगीच डावीकडून उजवीकडे जाणारी. साहेब खूश. त्यानंतर कुणी काही सांगितलं की ती "बरं" म्हणू लागली. पडद्यांचा रंग, फ्लॅट कुठल्या मजल्यावर घ्यायचा, आईला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं. मुलीला चित्रकलेला जायचं होतं, ती डोळ्यांत पाणी आणून विचारत होती, "आई, तुला काय वाटतं ते सांग ना," आणि ती म्हणाली, "बाबांना विचार." आपल्याला जे वाटतं ते मोठं धोक्याचं असतं, त्यानं अठरा घरं उठतात, असं तिला वाटायचं. मुलगी आता तिला काही विचारत नाही. आणि नवरा? नवऱ्यानं चूक पोटात घातली होती. त्याचं केवढं कौतुक. तिची आई म्हणायची, दुसरा असता तर आयुष्यभर टोमणे मारले असते. भांडण जरा वाढलं, की तो हळू आवाजात म्हणायचा, "मी तुला त्यावरून कधी बोललो का?" आणि भांडण तिथेच संपायचं. कधी बोललो का. बोलणार काय होता, तोंड उघडलं असतं तर पत्र बाहेर आलं असतं. न केलेली चूक पोटात घालून हा माणूस एकोणीस वर्षं मोठ्या मनाचा होऊन बसला होता, आणि ती त्या उपकाराखाली वाकून त्याच्या शर्टाची बटणं लावत होती.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "संपला का लेख?"

"कुंड्यांचा संपला," ती म्हणाली. "दुसरा आहे एक." तिनं पान परत उलटलं आणि कुंड्या वाचल्या त्याच आवाजात वाचायला लागली. मथळा वाचला. टिटवी हे नाव आल्यावर त्याच्या पापण्या जरा हलल्या. "अरे वा, मास्तर," तो म्हणाला. ती थांबली नाही. थोरली कंपनी, दम भरणं, पत्र, आठ दिवस आधी, पत्र वाचणारे दोघे. समोरच्या बाकावरची, आपल्या सासऱ्यांना घेऊन आलेली बाई ऐकत होती. तिनं पुढचंही वाचलं, जे मघाशी नुसतं नजरेखालून गेलं होतं. मास्तर म्हणत होते, "हरलो असं सांगितलं की माणसं दुसऱ्या दिवशी निघून जातात. चुकलो म्हटलं की थांबतात, दुरुस्त करू म्हणून. एका मुलीच्या पट्टीवर खापर फुटलं, बिचारी. फार हुशार होती." होती, असं मास्तर म्हणाले होते. तिच्या लग्नात तिसऱ्या पंगतीला जेवलेला माणूस.

तो म्हणाला, "मास्तरांना पहिल्यापासून बोलायची फार हौस."

"तू वाचलं होतंस पत्र?"

"अगं, किती वर्षं झाली त्याला."

"वाचलं होतंस का?"

"मीच फाईलला लावलं." त्यानं मान जराशी दुसरीकडे वळवली. "मास्तरांनी बजावलं होतं, घरीसुद्धा बोलायचं नाही. नोकरीचा प्रश्न होता. दोघांच्याही."

"कंपनी सात महिन्यांत बंद झाली. त्याच्यानंतर कुठल्या नोकरीचा प्रश्न होता?"

"हळू बोल. लोक आहेत."

"सांग ना. त्याच्यानंतर काय झालं होतं सांगायला?"

त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले. बाजूच्या खोलीत कुणालातरी अक्षरं वाचायला लावत होते आणि तो माणूस खालच्या ओळीवर अडखळत होता. "त्याच्यानंतर," नवरा म्हणाला, "तू शांत झाली होतीस. आधी कसली होतीस, आठवतं ना? घरात पाऊल टाकल्यापासून टिटवी, आणि मास्तर काय म्हणाले, आणि तू काय म्हणालीस. माझं कुणी ऐकायचं नाही. मग ते सगळं झालं आणि तू ऐकायला लागलीस. मी म्हटलं, कशाला आता. आपलं बरं चाललं होतं ग."

हे तो लबाडीनं म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो अगदी खरं बोलत होता. थोरल्या कंपनीनं टिटवी मारली, ते समजण्यासारखं होतं, त्यांचा धंदाच तो. मास्तरांनी माणसं टिकवायला एक माणूस पुढे केलं, तेही एक वेळ समजलं असतं. पण यानं कशासाठी? घरात जरा शांतता हवी म्हणून. आपलं कुणीतरी ऐकावं म्हणून. तिच्या अंगाचा नुसता जाळ झाला, आणि त्या जाळात, आश्चर्य म्हणजे, डोकं एकदम स्वच्छ झालं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पुढे काय करायचं ते तिला कुणाला विचारावंसं वाटलं नाही. तिनं पर्समधून फोन काढला आणि नावं खाली खाली सरकवू लागली.

"चिडलीस ना?" तो म्हणाला. "साहजिक आहे. चुकलं माझं. घरी गेल्यावर बोलू या आपण."

"मला काही सांगू नकोस. मला कळलं."

"मग कुणाला फोन लावतेयस? मुलीला नको लावू."

"गवंड्याला."

त्यानं डोळे उघडले. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या, की डोळ्यांत दुसरा रंगच उरला नव्हता. तो तिच्या आवाजाच्या दिशेनं बघत होता, पण तिला दिसत होतं, की त्याला ती दिसत नाही. "आत्ता?" तो म्हणाला. "इथे? अगं, मला धड दिसतसुद्धा नाहीये."

"बघायचं काही नाहीच. तोंड मोकळं आहे ना तुझं? पत्र कधी आलं आणि कुणी वाचलं, एवढंच सांगायचं. त्याचं झालं की दाढीवाल्याला, मग छपाई बघायची तिला. एक वारला, त्याच्या बायकोला सांगायचं. सतरा फोन होतात. नंबर मी लावते."

"सतरा? अगं, संध्याकाळ होईल."

"होऊ दे."

नर्स दारातून डोकावली. "काका, डोळे उघडे का? मिटा आधी." त्यानं मिटले. फोनमध्ये घंटी वाजत होती. समोरची बाई आता उघडउघड बघत होती, आणि बघू दे, असं तिला वाटलं. चौथ्या घंटीला पलीकडून फोन उचलला गेला. "हॅलो, कोण?" गवंड्याचा आवाज जाड झाला होता, पण घाईघाईत बोलायची ढब तीच. तिनं फोन नवऱ्याच्या कानाला लावला. "हॅलो? कोण बोलतंय?" पलीकडून पुन्हा आलं. नवऱ्याचा हात तिचा हात शोधत वर आला, तिच्या मनगटापाशी थांबला आणि खाली गेला. मग त्यानं घसा खाकरला आणि आपलं नाव सांगितलं. तिनं फोन तसाच धरून ठेवला.